वैकुंठरथाला थंडी वाजते

आप्पा ढोमसे शेवटच्या घटका मोजताहेत आणि त्यांनी तुम्हाला ताबडतोब बोलावलंय, असा निरोप आला तेव्हा मी नववी 'ब'ला तरफ शिकवत होतो. हातातला खडू टाकला आणि तसाच निघालो. वाटेत एक विचार मनात आलाच. आमच्या हायस्कूलला प्रयोगशाळा नव्हती, आणि आप्पांच्या द्राक्षबागा पार नदीपर्यंत पसरल्या होत्या. मरताना माणसाला दानधर्म सुचतो म्हणतात.

ढोमशांच्या अंगणात चपलांचा ढीग पडला होता. येवला, कोपरगाव, नाशिक, जिथून म्हणून पाहुणे येऊ शकतात तिथून आले होते. पायरीवर निफाडचे डॉक्टर लुणावत बॅग बंद करत होते.

"छातीत कफ आहे," ते हळूच म्हणाले. "त्याचं मी बघतो हो. पण त्यांनी अन्न सोडलंय. औषध दिलं की थुंकतात. माणसानंच निघायचं ठरवलं तर डॉक्टरनं काय त्याचा सदरा धरून ठेवायचा?"

आप्पा खिडकीशी खाटेवर पडले होते. अंगावर दोन घोंगड्या आणि घोंगड्यांच्या वर फक्त मिशा. मला पाहिल्यावर त्यांनी डोळ्यांनीच सगळ्यांना बाहेर काढलं. थांबली ती एकटी विमल, त्यांची थोरली सून. थोरला मुलगा सोपान दाराशी घुटमळला आणि तोही गेला. सोपान काही मुका नव्हता, पण विमल असताना त्याला बोलायची गरज पडत नसे.

"सर," आप्पा म्हणाले, "शंकर तलाठ्याला नेलं तेव्हा गाडी किती वेळा बंद पडली?"

मी विमलकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"तिच्याकडं काय बघता? मरणाऱ्यापाशी खोटं बोलू नये."

"दोन-तीनदा," मी म्हणालो.

"आन् बार उडाला."

"उडाला."

"आन् लोकं हसली."

हसली होती. आता ही गाडी कुठली ते सांगायला हवं. आप्पांची एक जुनी, ऐसपैस पेट्रोल मोटार होती. नवी जीप घेतल्यावर त्यांनी ती गावाला दिली. गावातल्या सुतारानं आणि पत्रेवाल्यानं मिळून तिचा मागचा भाग कापला, तिरडी मावेल अशी फळी बसवली, वर छत चढवलं. पेंटरनं दोन्ही बाजूंना 'वैकुंठरथ' असं झोकदार अक्षरात लिहिलं आणि सवयीनं मागच्या बाजूला 'पुन्हा भेटू' असंही लिहून टाकलं. ते पुसायचं दर ग्रामसभेत ठरायचं.

गाडी मिळाली, पण ड्रायव्हर टिकेना. होता तो पहिल्याच हिवाळ्यात सोडून गेला आणि प्रेताची गाडी हातात घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मी तेव्हा नुकताच बदलून आलेला, बिनलग्नाचा, जवळ लायसन्स. हेडमास्तरांनी परस्पर सांगून टाकलं, "विसपुते सर सायन्सचे आहेत. त्यांचा भुताखेतांवर विश्वास नाही." अशा रीतीनं मी गावाला शेवटचं पोचवू लागलो.

उन्हाळ्यात काही अडचण यायची नाही. पण आमचं धामणवाडी पडलं निफाडच्या अंगाला. तिथली थंडी ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. पहाटे द्राक्षांच्या बागांत शेकोट्या पेटवतात, नाहीतर मणी तडकतात. म्हातारीकोतारी माणसं जायची तीही याच दिवसांत. आणि नेमकी थंडीत ही गाडी सुरू होताना खोकायची, गचके खायची, अंगात हिवताप भरल्यासारखी थडथडायची आणि बंद पडायची. तलाठ्यांच्या वेळी तर भर चौकात असा काही बार उडाला की त्यांच्या मंडळी रडायच्या थांबल्या, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "तलाठीसायेब जायला तयार न्हाईत, अजून उतारे द्यायचे राह्यलेत." मग माणसांनी धक्का मारला. धक्का मारता मारता सगळी हसत होती, खांदेकरीसुद्धा.

"मी त्या गाडीतून असा जायचा न्हाई," आप्पा म्हणाले. "ती नीट करा. तवर मी मरत न्हाई."

"आप्पा, मी सायन्स शिकवतो. मेकॅनिक नाही."

"मग शिका. गाडी आणून हितं खिडकीखाली लावा. मला तिचा आवाज आला पायजे." मग त्यांनी डोळे मिटले. "विमल, सरांना चहा दे."

संध्याकाळी मी गाडी आणून खिडकीखाली लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी गफूर मिस्त्री आले. गफूरभाई विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. माणूस मोठ्या मनाचा, आणि त्यांचं निदानही मोठंच असायचं. त्यांनी बोनेट उघडलं आणि म्हणाले, "बॅटरी बदलू, प्लग बदलू, पॉइंट बदलू, कार्बोरेटर खोलू, टायमिंग पाहू."

"सगळं एकदम?"

"एकदम. दोष जाईल कुठं?"

"पण मग दोष कशात होता ते कळणार कसं?" मी विचारलं. नाही म्हटलं तरी मी प्रयोगाचे नियम शिकवणारा माणूस. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं."

खिडकीतून आवाज आला, "सर म्हणत्यात तसं करा."

पण त्यात एक गोम होती, ती पहिल्याच दिवशी लक्षात आली. बॅटरी चार्ज करून आणली, चावी फिरवली. स्टार्टर दणक्यात फिरला, गाडी नेहमीसारखी खोकली, थडथडली, कशीबशी पेटली, आणि दोन-चार मिनिटांत तापून शहाण्या बाळासारखी चालू लागली. आता तपासायचं काय? तापल्यावर तिला काही रोगच नव्हता. पुन्हा रोग दिसायचा तर ती रात्रभर गारठायला हवी.

"म्हणजे," विमल म्हणाली, "एका सकाळी एकच प्रयोग."

"एकच."

"म्हणजे उद्याच्या प्रयोगापर्यंत आप्पांना थांबावंच लागंल."

आम्ही दोघांनी खिडकीकडे पाहिलं.

"ऐकतोय मी," आप्पा म्हणाले. "थांबतो. पेज आण थोडी."

दुसऱ्या सकाळी प्लग. गफूरभाईंनी ते काढून, घासून, दिव्याच्या काचेसारखे लखलखीत करून बसवले. गाडी तशीच खोकली. पाहुण्यांचा उत्साह मात्र वाढला. आधी ते ओटीवर गंभीर बसून असत. आता सकाळी सकाळी कानटोप्या घालून, हातात कपबशी घेऊन गाडीभोवती उभे राहू लागले. येवल्याचे मेहुणे म्हणाले पेट्रोलमध्ये पाणी आहे. कोपरगावचे साडू म्हणाले गाडीला दृष्ट लागलीय. प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे दोष सांगत होता. सोपाननं पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाला, "थंडीच जास्त आहे." त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

मग मी चोक पाहायचं ठरवलं. चोकचं बटण ओढलं की आत कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप मिटते, हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. थंड इंजिनाला तेच लागतं. बटण तर मी रोज ओढतच होतो. पण ते ओढल्यावर आत काय होतं, ते पाहायला दोन माणसं हवीत, एक आत बसून ओढायला आणि एक बाहेरून बघायला.

"गफूरभाई, तुम्ही आत बसा."

"सरजी, बोनेटमध्ये डोकं घालतो, गाडीखाली झोपतो. पण आत बसायचं नाव काढू नका. मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं वाटतं."

पाहुणे दोन पावलं मागे सरकले. सोपान चपला शोधू लागला.

"सरका," विमल म्हणाली. पदर खोचला, दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. "मागं आत्ता कोण झोपलंय? कुणी न्हाई. काय ओढायचं ते सांगा सर."

मी एअर फिल्टरचं झाकण काढून आत डोकावलो. "ओढा."

"ओढलं."

झडप जेमतेम हलली आणि अर्ध्यावर उभी राहिली.

"पूर्ण ओढा!"

"बटण हातात यायचं आता!"

बटणापासून झडपेपर्यंत एक तार जाते, तिच्यावरचं आवरण पकडणारा चाप ढिला झाला होता. बटण ओढलं की झडप ओढली जाण्याऐवजी आवरणच सरकत होतं. म्हणजे हिवाळाभर मी चोक ओढत होतो आणि तो चोकपर्यंत पोचतच नव्हता. गफूरभाईंनी चाप आवळला. झडप टपकन मिटली.

पुढच्या सकाळी गाडी पहिल्या झटक्यात पेटली. बार नाही, खोकला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गफूरभाईंनी हात पुसायला घेतले. माझी छाती फुगली.

"थांबा," खिडकीतून आवाज आला. "पेटली, पण कापती अजून."

खरंच कापत होती. फळीवरचे खिळे खुळखुळत होते.

"ऐका नीट. तीन ठोके पडत्यात, चवथा गायब. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचा एक ठोका चुकला तरी मी झोपेतनं उठायचो."

आप्पा उशीला टेकून उठून बसले होते. त्यांच्या हातात भाकरी होती.

त्या दुपारी मी निघालो तेव्हा विमलनं मला गोठ्याशी गाठलं.

"सर, एक सांगू? राग मानू नका."

"सांगा."

"गाडी जरा सावकाश दुरुस्त करा."

"का?" मी विचारलं.

"काल त्यांनी दूध घेतलं. आज भाकर मागितली. औषध घेत्यात. डॉक्टर म्हणले छाती मोकळी व्हायला लागली. पण त्यांनी काय सांगितलंय ते ऐकलंय ना तुम्ही? गाडी नीट होईस्तवर मरत न्हाई. आन् त्यांनी सांगितलं ते केलं न्हाई, असं या घरात कधी झालं न्हाई." तिचे डोळे भरून आले. "गाडी नीट झाली म्हंजे?"

मला हसू आलं नाही. सायन्सचा शिक्षक असूनही नाही.

पण दोष शोधायला सुरुवात केली की हात थांबत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या सकाळी गाडी कापत असतानाच मी प्लगांच्या वायरी एकेक करून काढून पाहू लागलो. पहिली काढली, गाडी आणखी कापली. दुसरी काढली, तेव्हाही आणखी कापली. तिसरीला मला असा झटका बसला की कोपरगावच्या साडूंनी रामनाम घेतलं, पण गाडीवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीच झोपलेला होता. त्याचा प्लग दुसऱ्याला लावला, दुसऱ्याचा त्याला, आणि एक सकाळ खर्ची पडली. झोपला तिसराच. वायरींची अदलाबदल केली, आणखी एक सकाळ. पुन्हा तिसराच. आप्पांनी त्या दिवशी पिठल्यात तिखट कमी आहे म्हणून विमलला हाक मारली.

राहता राहिली डिस्ट्रिब्युटरची टोपी. वाटीएवढी काळी वस्तू, चारही प्लगांना तिच्यातूनच ठिणगी वाटली जाते. गाडी रात्रभर उघड्यावर, वरून दव, आणि तापल्यावर रोग पळतो. तापल्यावर काय होतं? ओल सुकते. हे इतकं सरळ होतं की मला वर्गात बाकावर उभं राहावंसं वाटलं. मी सकाळी गाडी सुरू करण्याआधीच टोपी काढली, स्वयंपाकघरात नेली आणि विमलला म्हणालो, "ही जरा चुलीपाशी ठेवा. जळू देऊ नका."

तिनं ती वैलाच्या कडेला, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली आणि पापडासारखी उलटसुलट केली. "मीठ किती घालू?" ती म्हणाली, पण आवाज नेहमीचा नव्हता.

कोमट टोपी बसवली. चावी फिरवली. चारही ठोके पडले. एक, दोन, तीन, चार, एकसारखे, जणू ती मोटार कधी आजारीच नव्हती.

मी टोपी पुन्हा काढून उजेडात धरली. आतून केसासारखी बारीक चीर गेली होती, तिसरी वायर बसते त्या खांबापासून खाली. दव त्या चिरेत शिरायचं आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथंच मुरायची. चूल तर रोज गाडीबरोबर नेता येत नाही. नवी टोपी हवी.

मी नाशिकहून टोपी आणली खरी, पण ढोमशांच्या अंगणात शिरताना ती खिशात खोल दडवली. विमल दारातच उभी होती.

"आणली?"

"आणली."

"मिळाली न्हाई म्हणून सांगा."

मी काही बोलण्याआधीच खिडकीतून आवाज आला, "मिळाली म्हणून चेहरा पडलाय दोघांचा. उद्या सकाळी लावा. आन् मला बाहेर खुर्चीत बसवा. शेवटची तपासणी डोळ्यांसमोर करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हिवाळ्यातली सगळ्यात कडक थंडी होती. बादलीतल्या पाण्याला हात लावला की बोटं कापल्यासारखी वाटत होती. आप्पांना घोंगडी गुंडाळून खुर्चीत बसवलं. पाहुणे गोलाकार उभे. डॉक्टर लुणावतांना कुणी बोलावलं होतं देव जाणे, पण तेही आले होते आणि आप्पांच्या खुर्चीमागे उभे होते. गफूरभाईंनी टोपी बसवली. मी चोक ओढला, चावी फिरवली.

गाडी पेटली. पहिल्याच झटक्यात, हलक्या आवाजात, न कापता. मी चोक हळूहळू आत दाबला. आवाज तसाच, सुपारी कातरल्यासारखा एकसारखा.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे आप्पांकडे पाहत होते. आप्पांनी डोळे मिटले. मान थोडी खाली आली. विमलनं सोपानचा दंड धरला. डॉक्टरांनी वाकून आप्पांचं मनगट हातात घेतलं. कोपरगावच्या साडूंनी कानटोपी काढली.

"सोडा हात," आप्पा डोळे न उघडता म्हणाले. "ऐकू द्या जरा."

मग त्यांनी डोळे उघडले. "बसवा मला."

"कुठं, आप्पा?" सोपाननं विचारलं.

"पुढं. सरांशेजारी. नदीवर जाऊन येतो."

विमल काही बोलणार होती, पण डॉक्टरांनीच मान हलवली. "जाऊ द्या. घोंगडी नीट गुंडाळा."

वैकुंठरथातून आप्पा ढोमसे पुढच्या सीटवर बसून गावातून निघाले, तो देखावा धामणवाडी अजून विसरलेलं नाही. पारावरची माणसं उभी राहिली. एकानं हात जोडले, मग त्याला आप्पांच्या मिशा हलताना दिसल्या आणि त्याच्या हातातली विडी पडली. आप्पा डावीउजवीकडे मान हलवून रामराम घेत होते. चौकातला चढ आला. मी सवयीनं दात आवळले. गाडी सरसर चढून गेली.

स्मशानाच्या वडाखाली मी गाडी थांबवली. आप्पा उतरले नाहीत. नदीवर धुकं होतं. बराच वेळ ते त्या धुक्याकडे पाहत राहिले.

"तुम्ही गावात यायच्या आदल्या हिवाळ्यात आमच्या मंडळी गेल्या," ते म्हणाले. "ठकूबाई. या गाडीतनं गेलेली पहिली बाई तीच. चौकातल्या चढाला गाडी बंद पडली. बार उडाला. लोकं हसली, त्याचं काय न्हाई, लोकं हसणारच. पण मग सगळ्यांनी धक्का मारला. मीपण मारला."

मी इंजिन बंद केलं.

"जन्मभर तिला म्हणायचो, चल, आटप, पाय उचल. बाजाराला निघालो की मी पुढं, ती मागं धावत. जेवतानासुदा उभी. आन् शेवटाला तिला मागून ढकलत नेलं, सर. ह्या दोन हातांनी." त्यांनी हात घोंगडीतून बाहेर काढून पाहिले. "माझं काय, मला बैलगाडीतनं न्या न्हाईतर टोपलीतनं न्या. पण ह्या गावातली एक बाई पुन्हा अशी ढकलत न्यायची न्हाई."

मी समोरची काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

एवढ्यात मागून किंकाळी ऐकू आली. "आप्पाऽऽ! माझी वाटसुद्धा पाहिली नाही हो!"

धाकटा मुलगा रघुनाथ कामासाठी पुण्याबाहेर गेला होता, आणि परतल्यावर आठवड्यापूर्वीची तार हातात पडताच तो निघाला होता. एसटीतून उतरला तर स्टँडवरच कुणीतरी सांगितलं, 'वैकुंठरथ आत्ताच आप्पांना घेऊन नदीकडं गेला.' त्यानं तिथंच झेंडूचा हार घेतला आणि अनवाणी धावत सुटला. गाडीच्या मागच्या फळीवर त्यानं डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला.

"फळी रिकामी आहे, गाढवा," आप्पा पुढून म्हणाले.

रघुनाथनं डोकं वर केलं. आधी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्याशेजारी. तो मटकन खाली बसला. मी उतरून त्याला पाणी पाजलं.

"हार आणलाय?" आप्पांनी विचारलं.

"आणलाय," तो रडत, हसत म्हणाला.

"मग गाडीला घाल. चांगली झालीय ती."

रघुनाथनं हार बोनेटवर चढवला. पुढे दोनच सीटा, म्हणून बिचारा मागच्या फळीवर बसला, गुडघे पोटाशी घेऊन. मी चावी फिरवली.

त्यानंतर आप्पा बरीच वर्षं जगले. गाडीची तपासणी थंडीच्या दिवसांत रोज सकाळी स्वतः करायचे आणि गफूरभाईंना शिव्या द्यायचे. प्रयोगशाळेलाही दोन खोल्या बांधून दिल्या, पण ते पुढचं. माझ्या लक्षात राहिली आहे ती मात्र तीच सकाळ. घरी विमल वाट पाहत असेल म्हणून मी जरा जोरात गाडी काढली. आप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हळू घ्या सर," ते म्हणाले. "घाई न्हाई."